काळजी कुणी घ्यायची?

दर काही महिन्यांनी मराठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमध्ये एक चौकट छापून येते. ‘डेटिंग अ‍ॅप वापरताय? मग ही काळजी घ्या!’ मुद्दे ठरलेले असतात. पहिली भेट सार्वजनिक जागी घ्या. मैत्रिणीला सांगून जा. आडनाव, ऑफिसचा पत्ता लगेच देऊ नका. खासगी फोटो पाठवू नका. समोरच्याचं प्रोफाइल खरं आहे का ते तपासा. सोबतच्या चित्रात मोबाइलकडे बघणारी एक मुलगी असते आणि तिच्या मागे एक काळी सावली. सावली नेहमी पुरुषाची. कंपनीच्या बोधचिन्हाची सावली कुणी काढलेली मी अजून पाहिलेली नाही.

माझा या चौकटींवर राग आहे. त्यातला सल्ला चुकीचा नाही. मी तो पाळलेला आहे, धाकट्या मैत्रिणींना दिलेलाही आहे. (हो, मी ही अ‍ॅप्स वापरली आहेत. का वापरली, ते सांगायची मला गरज वाटत नाही.) भेटायला येणारा माणूस वाईट निघू शकतो हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं, त्यासाठी पुरवणी लागत नाही. पण अ‍ॅपवर दोन माणसं बोलत असतात तेव्हा तिथे तिसरा, चौथा, चाळिसावाही बसलेला असतो. त्याच्यापासून कसं जपायचं, याबद्दल चौकटीत एक ओळ नसते. असूच शकत नाही, कारण तिथे वापरणाऱ्याच्या जपण्याला काही किंमतच नाही. आणि तरीही काही बिनसलं की आपण त्या चाळिसाव्याला सोडून तिलाच विचारतो, ‘तू गेलीसच कशाला तिथे?’

मोघम बोलण्यापेक्षा एक प्रकरण नीट बघू. ग्राइंडर हे मुख्यतः समलिंगी पुरुषांचं अ‍ॅप. त्यावर प्रोफाइल भरताना एचआयव्हीची स्थिती आणि शेवटची तपासणी कधी केली ते लिहायची सोय होती. लिहायलाच हवं असं नव्हतं. पण ज्यांनी ते लिहिलं, त्यांनी जबाबदारीने वागायचं ठरवलं होतं. जोडीदाराला आधी कळावं, भेटल्यावर अवघड प्रसंग येऊ नये, तपासणी करून घेण्यात लाज वाटू नये, हा त्यामागचा विचार. आरोग्य कार्यकर्ते वर्षानुवर्षं लोकांना हेच सांगत आले आहेत. एप्रिल २०१८ मध्ये नॉर्वेतल्या सिंटेफ या संशोधन संस्थेने दाखवून दिलं, की ही माहिती अ‍ॅपमधून दोन भलत्याच कंपन्यांकडे जात होती, अ‍ॅप्टिमाइझ आणि लोकॅलिटिक्स. अ‍ॅप नीट चालतंय का, लोक कुठलं बटण दाबतात, असल्या गोष्टी मोजणाऱ्या या कंपन्या. आणि एचआयव्हीची माहिती एकटी जात नव्हती. फोनची ओळख, ठिकाण आणि ईमेलही सोबत जात होते. म्हणजे आजार कुणाला, याचा पत्त्यासकट कागद.

यावर कंपनीचं उत्तर काय होतं? ही या धंद्यातली नेहमीची पद्धत आहे, माहिती आम्ही विकलेली नाही, आणि ग्राइंडर हा सार्वजनिक मंच आहे हे लोकांनी लक्षात ठेवावं. शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. आपल्याकडची मावशी ‘गेलीसच कशाला’ म्हणते तेच कॅलिफोर्नियातली कंपनी जरा सफाईने म्हणाली, तू लिहिलंसच कशाला! गदारोळ झाल्यावर माहिती देणं थांबवू असंही तिने जाहीर केलं. म्हणजे थांबवणं शक्य होतं, आणि त्याशिवायही अ‍ॅप चालणार होतं.

याच देशाच्या ग्राहक परिषदेने जानेवारी २०२० मध्ये दहा अ‍ॅप्स तपासली. त्यात टिंडर, ओकेक्युपिड, ग्राइंडर होती, तशी पाळीची नोंद ठेवणारी अ‍ॅप्सही होती. या दहांकडून किमान १३५ बाहेरच्या कंपन्यांकडे माहिती जात होती. परिषदेने ग्राइंडरविरुद्ध तक्रार केली आणि नॉर्वेच्या डेटा संरक्षण यंत्रणेने २०२१ मध्ये साडेसहा कोटी क्रोनरचा दंड ठोठावला. ओस्लोच्या जिल्हा न्यायालयाने २०२४ मध्ये तो कायम ठेवला. या खटल्यातला कंपनीचा एक युक्तिवाद मला फार आवडतो. आमच्या अ‍ॅपवर असणारा माणूस समलिंगी असेलच असं नाही, म्हणून तो अ‍ॅपवर आहे एवढं कळवलं तर त्याच्या लैंगिकतेविषयी काही कळवल्यासारखं होत नाही! जाहिरातदारांना मात्र हाच ग्राहकवर्ग समलिंगी पुरुषांचा म्हणून विकायचा. यंत्रणेने हे ऐकून घेतलं नाही. युरोपच्या कायद्यात लैंगिकता, आरोग्य, धर्म, राजकीय मतं ही वेगळी, जास्त जपायची माहिती मानली जाते. अ‍ॅप फोनमध्ये असणं हीच तशी माहिती ठरते, असं यंत्रणेचं म्हणणं. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्या कायद्याकडे वळल्यावर तो लागणार आहे.

‘पण ती माहिती नाव काढून दिलेली असते ना?’ असं माझ्या ओळखीतले संगणकवाले म्हणतात. नाव काढलेलं असतं, खरं आहे. प्रत्येक फोनला जाहिरातींसाठी एक क्रमांक असतो आणि माहिती त्या क्रमांकाच्या नावाने फिरते. आता समजा, एक फोन रोज रात्री कोथरूडच्या एका सोसायटीत असतो, सोमवार ते शुक्रवार हिंजवडीतल्या एका इमारतीत असतो, आणि गणपती-दिवाळीला सांगलीजवळच्या एका गावात जातो. या वर्णनात बसणारी किती माणसं असतील? नाव कशाला हवं? सोसायटीचा वॉचमनही सांगेल.

आणि हे केवळ कागदावरचं गणित राहिलेलं नाही. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत ‘द पिलर’ नावाच्या कॅथलिक बातमीपत्राने बाजारात विकत मिळणारी अशी माहिती वापरून एक फोन शोधला. तो फोन ग्राइंडरशी जोडलेला होता आणि अमेरिकी बिशपांच्या परिषदेच्या सरचिटणिसाच्या घरी, कार्यालयात, प्रवासात दिसत होता. सरचिटणिसांना राजीनामा द्यावा लागला. चर्चच्या दुटप्पीपणाबद्दल मला फारसं प्रेम नाही, पण इथे प्रश्न वेगळा आहे. कुणी हॅकिंग केलं नाही, कुलूप तोडलं नाही. दुकानात जाऊन माल घ्यावा तशी माणसाच्या रात्रींची यादी विकत घेतली. पुढे २०२३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने छापलं, की डेन्व्हरमधल्या एका कॅथलिक गटाने अशी माहिती मिळवण्यासाठी किमान ४० लाख डॉलर खर्च केले आणि ती बिशपांपर्यंत पोचवली. बिशप आपल्याला दूरचे वाटत असतील तर त्यांच्या जागी खाप पंचायत ठेवा, जातपंचायत ठेवा, मुलीच्या मागावर असलेला भाऊ ठेवा. दुकान तेच असेल.

अंतराचं प्रकरण तर मला सगळ्यात भीतीदायक वाटतं, कारण ते इतकं साधं दिसतं. ‘दोन किलोमीटरवर आहे.’ बरं. आता मी अलका टॉकीजच्या चौकात उभी आहे असं अ‍ॅपला भासवते (फोनला खोटं ठिकाण सांगणं पोरखेळ आहे) आणि तुझ्याभोवती एक वर्तुळ काढते. मग शनिवारवाड्यापासून दुसरं. मग स्वारगेटपासून तिसरं. तीन वर्तुळं जिथे एकमेकांना छेदतात तिथे तू आहेस. नववीच्या भूमितीला हे जमतं. कंपन्या म्हणतात, आम्ही आकडा पूर्णांकात देतो, नेमकं अंतर देत नाही. पण मग आकडा दोनाचा तीन कुठे होतो ती रेघ शोधायची, की काम झालं. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये १५ अ‍ॅप्स तपासली. त्यांतल्या सहांमध्ये माणसाचं ठिकाण याच तऱ्हेच्या युक्त्यांनी जवळजवळ नेमकं काढता येत होतं. त्या सहांमध्ये बंबल होतं, हिंज होतं, ग्राइंडरही. संशोधकांनी कळवल्यावर दुरुस्त्या झाल्या. टिंडरमधली अशीच चूक २०१४ मध्ये जाहीर झाली होती. म्हणजे दहा वर्षं सगळ्या धंद्याला हे ठाऊक होतं. इजिप्तमध्ये समलिंगी पुरुषांना पकडण्यासाठी पोलीस अ‍ॅप्स वापरत असल्याचं २०१४ मध्ये बाहेर आलं, तेव्हा ग्राइंडरने तिथलं अंतर दाखवणं बंद केलं. मग उरलेल्या जगात ते चालू का ठेवायचं? कारण ‘जवळच कुणीतरी आहे’ ही हुरहूर हाच तर विकायचा माल आहे. ‘पत्ता देऊ नका’ म्हणणारी चौकट इथे काय कामाची? पत्ता अ‍ॅपनेच दिलेला असतो.

सुरक्षिततेच्या नावाखाली आणखी माहिती मागायची, ही पुढची पायरी. ‘टी’ हे अमेरिकेतलं अ‍ॅप बायकांसाठी होतं. डेटिंगवर भेटलेल्या पुरुषांबद्दल एकमेकींना सावध करायचं, आणि आत पुरुष शिरू नयेत म्हणून सेल्फी आणि सुरुवातीला ओळखपत्राचा फोटोही द्यायचा. जुलै २०२५ मध्ये त्यातले सुमारे ७२ हजार फोटो बाहेर आले. त्यांत १३ हजार पडताळणीसाठी दिलेल्या सेल्फी आणि ओळखपत्रं होती. पडताळणी झाली की फोटो लगेच पुसले जातील, असं सांगितलेलं होतं. पुसण्याची ही आश्वासनं नवी नाहीत. २०१५ मध्ये अ‍ॅशली मॅडिसन या विवाहबाह्य संबंधांच्या संकेतस्थळावरून तीन कोटींहून जास्त खात्यांची माहिती फुटली, तेव्हा १९ डॉलर भरून ‘संपूर्ण पुसून टाका’ म्हणणाऱ्यांचीही माहिती तिथेच पडलेली सापडली. पैसे घेऊन न पुसणं, याला साध्या मराठीत काय म्हणतात ते आपल्याला माहीत आहे.

आता येतो तो हमखास प्रश्न. एवढं सगळं आहे तर वापरू नका ना! आमच्या वेळी कुठे होती अ‍ॅप्स?

तुमच्या वेळी बायोडेटा होता, अजूनही आहे. ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’ने सुरू होणारा तो कागद आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण, रास, गण, नाडी, जात, पोटजात, उंची, वर्ण, पगार, कंपनी, घराचा पत्ता, शेती किती एकर, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा, भावांची लग्नं झाली का, मामाचं नाव-गाव, वडिलांचा मोबाइल. मामाचं आडनाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, आणि फोनवर बँक ओळख पटवायला वर्षानुवर्षं हेच विचारत आली आहे. हा कागद वधू-वर सूचक ग्रुपवर शेकडो अनोळखी लोकांपर्यंत जातो आणि लग्न होऊन मूल शाळेत जायला लागलं तरी फिरत राहतो. त्याची कुणाला लाज वाटत नाही, भीती वाटत नाही, कारण तो वडिलधाऱ्यांनी पाठवलेला असतो. मुलीने स्वतःच्या हाताने नाव आणि तीन फोटो टाकले, की मात्र ते धाडस. म्हणजे आक्षेप माहिती उघडी पडण्यावर नसून कुणी उघडली यावर आहे. अ‍ॅपला नाकं मुरडणाऱ्यांनी आधी फॅमिली ग्रुप उघडून बघावा.

आणि बायोडेटाच्या रांगेत ज्यांना उभंच राहता येत नाही, त्यांचं काय? दोन मुलगे एकमेकांना कुठल्या सूचक मंडळात भेटणार? चाळिशीतली घटस्फोटित बाई, पंचावन्नची विधवा, आंतरजातीय लग्नाच्या विचारात असलेली लातूरची मुलगी, दुसऱ्या धर्मातल्या माणसाशी फक्त बोलून बघावं असं वाटणारी कुणी? यांच्यासाठी अ‍ॅप ही चैन नाही. घरच्यांच्या, गल्लीच्या, भाऊबंदांच्या नजरेआड उभं राहायला मिळालेला तो एकुलता एक कोपरा आहे. ज्याला लपायची सगळ्यात जास्त गरज, तोच तिथे जास्त जातो, आणि माहिती फुटली की सगळ्यात जास्त तोच मोडतो. अ‍ॅपवरून ओळख काढून, भेटायला बोलावून, व्हिडिओ काढून समलिंगी पुरुषांकडून पैसे उकळल्याच्या बातम्या आपल्या शहरांमधून अधूनमधून येतात. न येणाऱ्या किती असतील याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. पोलीस ठाण्यात गेलं तर घरी कळेल, हीच तर खंडणीखोराची भिस्त. ‘वापरू नका’ हा सल्ला या लोकांना ‘एकटे राहा’ असं सांगतो.

महाराष्ट्र सरकारने या भीतीचं काय केलं, तेही आठवून बघावं. वसईच्या एका तरुणीचा २०२२ मध्ये दिल्लीत खून झाला. तिची आणि तिच्या जोडीदाराची ओळख बंबलवर झाली होती, आणि दोघांचे धर्म वेगळे होते. नोव्हेंबरमध्ये प्रकरण उघडकीला आल्यावर चॅनेलवर अ‍ॅपचं नाव आरोपीसारखं घेतलं गेलं. मारहाणीची तिने पोलिसांकडे २०२० मध्येच तक्रार केली होती, हा तपशील त्या गोंगाटात मागे पडला. आणि १३ डिसेंबरला महिला व बालविकास विभागाने शासन निर्णय काढून एक समिती नेमली. तिचं काम काय, तर आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नं केलेल्या जोडप्यांची माहिती गोळा करणं. नोंदणी झालेली, न झालेली, देवळात लागलेली, पळून जाऊन केलेली, सगळीच. दोन-तीन दिवसांत ओरड झाल्यावर ‘आंतरजातीय’ हा शब्द वगळला, ‘आंतरधर्मीय’ तसाच राहिला. एका मुलीच्या खुनावर सरकारला सुचलेला उपाय म्हणजे अशा मुलींची आणखी एक यादी! कंपनीकडे कुठली माहिती आहे, ती कुणाला दिली जाते, हा प्रश्न ना चॅनेलने विचारला, ना मंत्र्यांनी. मला तर वाटतं, तशी यादी कंपनीकडून आयती मिळाली असती तर काहींना आनंदच झाला असता.

मग कायदा? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. त्यानंतर सहा वर्षं मसुद्यांचा खेळ चालला आणि २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा झाला. त्याची नियमावली यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढे आणखी अठरा महिने.

या कायद्याने काय कमावलं ते त्याचे समर्थक सांगतीलच. काय गमावलं ते मी सांगते. २०११ च्या जुन्या नियमांत संवेदनशील माहितीची यादी होती आणि तीत लैंगिक कल, आरोग्य, वैद्यकीय इतिहास होता. २०१८ आणि २०१९ च्या मसुद्यांनी त्यात जात, धर्म, राजकीय मत, ट्रान्सजेंडर असणं हेही घातलं होतं. आपला समाज ओळखणाऱ्या कुणीतरी केलेली ती यादी होती. २०२३ च्या कायद्यात हा प्रकारच नाही. तुमची एचआयव्हीची तपासणी आणि तुम्ही मागवलेल्या पिझ्झाची चव, कायद्याच्या लेखी दोन्ही नुसतीच ‘व्यक्तिगत माहिती’. ग्राइंडरला नॉर्वेत ज्या मुद्द्यावर पकडलं, तो मुद्दा इथे मांडायला कलमच उरलेलं नाही.

जुडिथ द्यूपोर्तेल या फ्रेंच पत्रकाराने २०१७ मध्ये युरोपच्या कायद्याचा आधार घेऊन टिंडरकडे स्वतःची माहिती मागितली, तेव्हा तिला सुमारे ८०० पानं मिळाली. कुणाशी कधी काय बोललो, कुठून बोललो, सगळं. आपल्या कायद्याने आपल्याला काय मिळेल? ‘सारांश’. कलम ११ मध्ये तोच शब्द आहे. आणि सारांश कोण लिहिणार? कंपनी.

दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, हे वाचून बरं वाटतं. पण तो जमा होणार भारताच्या संचित निधीत. जिची माहिती फुटली, नोकरी गेली, घर सुटलं, तिला त्यातला एक रुपया नाही. माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ मध्ये निदान भरपाई मागायची वाट होती. नव्या कायद्यात ते कलमच काढून टाकायची तरतूद आहे. उलट तिची तक्रार ‘खोटी किंवा क्षुल्लक’ ठरली तर तिलाच १० हजारांपर्यंत दंड. शिवाय केंद्र सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला अधिसूचना काढून या कायद्यातून सूट देऊ शकतं. इतका विचार करून केलेला कायदा निष्काळजीपणाने झाला असं मी तरी म्हणणार नाही.

मला हवं ते फार नाही. संवेदनशील माहितीचा प्रकार कायद्यात परत आणा आणि त्यात जात व लैंगिकता नाव घेऊन घाला. भरपाई पीडिताला द्या. डेटिंग अ‍ॅपमधून जाहिरातवाल्यांकडे ठिकाण जाणं सरसकट बंद करा, संमती विचारण्याचं नाटक न करता. अठ्ठावीस पानांच्या इंग्रजी अटींखाली, रात्री अकरा वाजता, एकटेपणात दाबलेल्या बटणाला संमती म्हणायला मी तयार नाही.

तोवर हातात आहे ते वापरायचं. या कायद्यात दोन गोष्टी कामाच्या आहेत. संमती मागताना आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीचाही. आणि आपली माहिती कुणाकुणाला दिली त्यांची नावं विचारता येतील. ही बंधनं मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. माझा अर्ज मी आत्ताच मराठीत लिहून ठेवला आहे, आणि हवा त्याला तो द्यायला तयार आहे. शंभर जणांनी एकाच दिवशी पाठवला तर कंपनीला कुणीतरी मराठी वाचणारं बसवावं लागेल. त्यात तीनच प्रश्न आहेत. माझं ठिकाण गेल्या वर्षभरात कुणाला दिलं, त्यांची नावं कळवा. मी खातं बंद केलं त्या दिवसानंतर माझ्याबद्दलचं काय काय तुमच्याकडे उरलं आहे, ते कळवा. आणि ज्यांना तुम्ही ते आधीच देऊन बसला आहात, त्यांच्याकडून ते परत कसं आणणार, तेही कळवा.